हजार पौर्णिमांची आई आणि रात्री आठचं शीर्षकगीत

नात दवाखान्यातून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवेलागणीपासून ती रडत होती. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, लेकीनं खांद्याशी धरून घरभर येरझाऱ्या घातलेल्या, तरी रडं थांबेना. बाहेरच्या खोलीत माझ्या आईनं नेहमीप्रमाणे आठ वाजता टीव्ही लावला. आईला अलीकडे कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज जिन्यापर्यंत जाईल इतका मोठा. तिच्या मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं. आधी बासरी, मग ढोलकी. आणि बाळ गप्प झालं.

झोपलं नाही, गप्प झालं. आवळलेल्या मुठी सुटल्या, कपाळावरची आठी गेली, आणि कुठे पाहायचं ते अजून न कळणारे डोळे एका जागी ठरले. गाणं संपलं, जाहिराती लागल्या, तसं रडं पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लेकीनं फोनवर तेवढ्याच मोठ्यानं दुसरं एक गाणं लावून पाहिलं. बाळावर काही परिणाम नाही. आठ वाजले, बासरी वाजली, आणि बाळ पुन्हा चित्रासारखं स्तब्ध.

"आई," लेक हळूच म्हणाली, "हिला ही मालिका माहितीये."

मी मनात हिशेब केला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि लेक माहेरी आली. तेव्हापासून बाळंत होईपर्यंत रोज रात्री आठला ती आजीच्या शेजारी बसायची. मेथी निवडायची, नाहीतर नुसतीच पाय वर घेऊन टेकायची. म्हणजे साठ-सत्तर वेळा तरी ती बासरी त्या पोटावर पडली होती.

एका बाळाच्या गप्प होण्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. म्हणून मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता थक्क होत गेले.

आयर्लंड बेटावरच्या बेलफास्ट शहरात पीटर हेपर नावाच्या संशोधकानं नेमकी हीच गोष्ट तपासली होती. १९८८ साली. तेव्हा तिकडे 'नेबर्स' ही ऑस्ट्रेलियन मालिका घरोघरी पाहिली जायची. गरोदरपणात ती नेमानं पाहणाऱ्या आयांची दोन ते चार दिवसांची बाळं त्यानं घेतली आणि त्यांना शीर्षकसंगीत ऐकवलं. बाळांच्या हृदयाची गती मंदावली, हातपाय हलायचे थांबले, चेहऱ्यावर जाग आली. मालिका न पाहणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये असं काही झालं नाही. आमच्या घरात घडलं ते कुणीतरी बेलफास्टमध्ये घड्याळ लावून मोजून ठेवलं होतं!

पण पोटात ऐकू येतं तरी काय? गर्भाच्या आतल्या कानातली शंखासारखी नळी साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास काम करू लागते, आणि सातव्या महिन्यात आवाजाला प्रतिसाद मिळू लागतो. आत शांतता मुळीच नसते. आईच्या रक्ताचा प्रवाह, ठोके, आतड्यांची गुरगुर असा अखंड गजर चालू असतो. त्यातून बाहेरचा आवाज आत शिरायचा तर पोटाची भिंत आणि पाणी ओलांडायचं. या प्रवासात उंच, बारीक ध्वनी गळून पडतात आणि खालचे, जाड ध्वनी पार होतात. शेजारच्या मंगल कार्यालयात वाद्यवृंद लागला की आपल्या भिंतीतून काय येतं? शब्द कळत नाहीत. ठेका कळतो, चालीचा चढउतार कळतो, कुठे थांबलं ते कळतं. बाळाला जग असंच, भिंतीपलीकडून ऐकू येतं. भाषेतले शब्द बाहेर राहतात आणि तिची चाल आत पोचते.

याला अपवाद म्हणजे आईचा आवाज. तो हवेतून येतोच, शिवाय तिच्या हाडांतून, शरीरातून थेट उतरतो. दोन्ही कानांत बोटं घालून हुंकार देऊन पाहा. डोक्यात जो घुमतो, त्याच्या जवळपासचं काहीतरी.

या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला प्रयोग अमेरिकेतला, अँथनी डीकॅस्पर यांचा. प्रश्न साधा होता. एक-दोन दिवसांच्या बाळाला काय आवडतं, हे त्याला विचारायचं कसं? ते बोलत नाही, बोट दाखवत नाही. त्याला एकच गोष्ट मनासारखी करता येते, ती म्हणजे चोखणं. म्हणून त्यांनी बाळाच्या तोंडात चोखणी दिली आणि तिला मोजणारं यंत्र जोडलं. बाळ सलग चोखत नाही. थोडं चोखतं, थांबतं, पुन्हा चोखतं. या थांबण्याचा वेळ लांबवला की एक आवाज लागायचा, आखडला की दुसरा. एका बाजूला स्वतःची आई, दुसऱ्या बाजूला परकी बाई. तीन दिवसांच्या आतली ती बाळं आपल्या चोखण्याची लय बदलून आईचा आवाज लावून घेऊ लागली! हा प्रयोग १९८० साली विल्यम फायफर यांच्याबरोबर केलेला. १९८६ साली डीकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स आणखी पुढे गेले. गरोदर बायकांना त्यांनी शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा मुलांची एक गोष्ट मोठ्यानं वाचायला सांगितली. काहींच्या वाट्याला डॉक्टर स्यूस यांची 'द कॅट इन द हॅट' आली. जन्मल्यावर बाळांनी तीच गोष्ट निवडली, आणि वाचणारी बाई दुसरी असली तरी तीच निवडली. म्हणजे आवाज ओळखणं वेगळं आणि गोष्टीची लय ओळखणं वेगळं, आणि बाळाला दोन्ही येत होतं. गोष्टीतलं मांजर काय करतं, हे त्याला कळायला अजून वर्षं होती.

याहून पुढचं तर मी दोनदा वाचलं. जर्मनीतल्या कॅथलीन वेर्म्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. वय तीन ते पाच दिवस. फ्रेंच बाळांचा सूर खालून वर चढत जायचा, जर्मन बाळांचा वरून सुरू होऊन खाली उतरायचा. त्या त्या भाषेत बोलण्याचा सूरही तसाच चालतो. आपल्याला वाटतं रडणं म्हणजे भाषेच्या आधीचं, सगळ्या बाळांचं सारखं. ती बाळं मात्र आईच्या भाषेच्या चालीवर रडत होती. तेव्हापासून नातीचं रडणं मी वेगळ्या कानानं ऐकते. रात्री दोन वाजतासुद्धा.

आणि मग मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. पहाटे जात्याशी बसून गाणाऱ्या बायकांमध्ये दिवस गेलेल्याही असणारच. दगडाची जाड घरघर, खुंट्याबरोबर पुढेमागे होणारं अंग, आणि गळ्यातून शरीरात उतरणारी ओवीची चाल. पोटात पोचायला याहून योग्य ध्वनी कुठला असेल? पिढ्यान्‌पिढ्या मराठी बाळं जन्माआधी ओवीचे साडेतीन चरण ऐकून येत असतील, या विचारानं मला त्या दिवशी दुसरं काही सुचेना.

बाराव्या दिवशी बारसं झालं. त्यानंतर महिन्याभरात घरात दुसरं कार्य निघालं. आईचं सहस्रचंद्रदर्शन.

या संस्काराचं गणित फार सुंदर आहे. वर्षाच्या बारा पौर्णिमा धरल्या तर हजार पौर्णिमा व्हायला ८३ वर्षं आणि ४ महिने लागतील. पण बारा चांद्र महिन्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं असतं. ते सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी मागे पडतं, आणि ही तूट भरून काढायला दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो. म्हणजे एक जास्तीची पौर्णिमा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त वेळ जातो. त्याला हजारानं गुणलं की ८० वर्षं आणि १० महिने येतात. अधिक महिन्यांनी आईला अडीच वर्षं आधीच हजारावर आणून ठेवलं होतं. कणकेच्या दिव्यांनी औक्षण केलं तेव्हा नात तिच्या मांडीवर होती, आणि नातीच्या खात्यात पौर्णिमा जमा होत्या दोन.

त्या दिवशी आईला काय द्यावं यावर लेकीनं एक युक्ती काढली. टीव्हीवर 'सांगत्ये ऐका' लावला. अनंत माने यांचा १९५९ सालचा तमाशापट. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तो शंभरावर आठवडे चालला. आई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. मामीबरोबर गेली होती. बुगडीची ती लावणी सुरू झाली आणि आई म्हणाली, "मामीच्या अंबाड्यात मोगरा होता. माझ्या पुढ्यात एक उंच माणूस बसला होता, म्हणून मामीनं मला आपल्या जागेवर बसवलं." गदिमांचे शब्द, वसंत पवारांची चाल, आशा भोसलेंचा आवाज, पडद्यावर नाचणाऱ्या जयश्री गडकर, यातलं काहीच तिनं आधी सांगितलं नाही. आधी मोगरा आला. काल दुपारी काय जेवलो हे आठवायला तिला हल्ली वेळ लागतो, आणि साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा उंच माणूस एका तालाच्या आवर्तनात समोर येऊन बसतो.

माणसाला उतारवयात आपल्या आयुष्यातलं सगळ्यांत जास्त कधीचं आठवतं, असं विचारलं तर उत्तर बहुतेक दहा ते तीस या वयातलं येतं. स्मृतींचा आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी त्याच काळात दाटीनं असतात, आणि आपण कोण आहोत हे ठरत असतं. त्या काळात ऐकलेलं गाणं नुसतं ऐकलं जात नाही, आपल्या जडणघडणीत बसवलं जातं. पेत्र जनाटा या संशोधकानं २००९ साली तरुण विद्यार्थ्यांना त्यांच्या ८ ते १८ वयातली लोकप्रिय गाणी ऐकवली आणि त्या वेळी मेंदूत काय चाललंय ते पाहिलं. ज्या गाण्याशी एखादी आठवण जोडलेली होती, ते वाजलं की कपाळाच्या लगेच मागचा, मधला भाग उजळायचा. स्वतःविषयीचा विचारही तिथेच चालतो, आणि गाण्याचे सूर कसे सरकतात याचा मागही तिथेच ठेवला जात होता. सूर आणि 'मी' यांची गाठ तिथे पडते. आईचा मोगराही बहुधा तिथूनच आला.

त्या लावणीत ध्रुवपदाकडे परतायच्या आधी आईची बोटं पलंगाच्या काठावर आपोआप थांबायची आणि नेमकी समेवर पडायची. समेची ही ओढ आपल्याकडे मैफलीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माँट्रियलमध्ये वलोरी सालिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांनी २०११ साली अंगावर काटा आणणारं संगीत ऐकताना लोकांच्या मेंदूतलं डोपामिन मोजलं. ते दोनदा सुटतं. उत्कट क्षण आला की एका जागी, पण त्याच्या आधी, तो येणार आहे एवढं कळलं की दुसऱ्याच जागी. म्हणजे समेचा आनंद समेच्या आधी सुरू होतो. ओळखीचं गाणं शंभराव्यांदा का गोड लागतं, हे मला तेव्हा समजलं. त्यातला निम्मा आनंद पुढचं माहीत असल्याचाच असतो.

हा चित्रपट लागायच्या थोडे दिवस आधी मी हंसा वाडकरांचं आत्मचरित्र पुन्हा वाचत होते. तेही 'सांगत्ये ऐका'. 'संत सखू', 'रामजोशी' गाजवलेल्या या नटीनं १९७० साली आलेल्या आपल्या आत्मकथेला आपल्याच चित्रपटाचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी ती गेली. पुस्तक तिनं लिहिलं नाही, सांगितलं. अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं. म्हणूनच असेल, मला ते वाचताना बाई समोर बसून बोलतायत असं सारखं वाटायचं. दारूविषयी, घराविषयी, फसलेल्या धाडसांविषयी, कुठेही आवाज न चढवता. हे वाटणं नुसतं मनाचं नाही. ग्लासगोमध्ये बो याओ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की मनातल्या मनात वाचतानासुद्धा अवतरणचिन्हातलं, प्रत्यक्ष बोललेलं वाक्य आलं की मेंदूतला माणसांचे आवाज ओळखणारा भाग जास्त जागा होतो. तेच 'ती म्हणाली की' असं फिरवून लिहिलं तर तितका होत नाही. खोलीत चिडीचूप शांतता असते आणि कान ऐकत असतात. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा आवाज, जो मी कधी ऐकला नाही, माझ्या डोक्यात तयार होतो.

आणि मग 'भूमिका'. श्याम बेनेगल यांनी याच आत्मकथेवरून १९७७ साली केलेला हिंदी चित्रपट. स्मिता पाटील तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांच्या होत्या, आणि कोवळ्या मुलीपासून थकलेल्या नटीपर्यंत सगळं वय त्यांनी चेहऱ्यावर आणलंय. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कार्य झाल्यावरच्या रविवारी आम्ही तिघींनी तो एकत्र पाहिला. आई, मी, लेक, आणि लेकीच्या खांद्यावर झोपलेलं बाळ.

मध्येच मी पडद्यावरून नजर काढून दोघींकडे पाहिलं, कारण आदल्याच दिवशी तामामी नाकानो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांच्या प्रयोगाबद्दल वाचलं होतं. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. डोळे ओले ठेवायला इतक्या वेळा गरजच नसते. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात तर काही मिनिटं आपण चक्क डोळे मिटून बसलेले असतो. मग महत्त्वाचं हुकत कसं नाही? २००९ सालच्या त्या प्रयोगात लोकांना 'मिस्टर बीन' दाखवलं. वेगवेगळे पाहणारे त्याच त्याच क्षणी पापण्या मिटत होते. एखादी कृती पुरी झाली, मुख्य पात्र चौकटीबाहेर गेलं, तेच ते पुन्हा दिसलं, की त्या फटीत सगळ्यांचे डोळे मिटायचे. गोष्ट नसलेली दृश्यं दाखवली तर हा मेळ नव्हता. नुसती गोष्ट कानांनी ऐकवली तरी नव्हता. म्हणजे भरलेल्या चित्रपटगृहात अंधारात शेकडो अनोळखी माणसं न ठरवता एकदम पापणी लववत असतात. १९५९ साली विजयानंदमध्येही हेच घडलं असेल. मामी, आई आणि पुढचा तो उंच माणूस. इकडे सोफ्यावर मी पाहिलं तेव्हा दृश्य बदललं, आणि आईच्या आणि लेकीच्या पापण्या एकदमच खाली आल्या. मी ते एकदाच पाहिलं. पुन्हा पाहायला गेले तेव्हा स्मिता पाटील बोलू लागल्या होत्या आणि माझंच लक्ष त्यांनी ओढून नेलं.

लेकीला बुगडीची लावणी तोंडपाठ आहे. तिनं तो चित्रपट त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग गाणं आलं कुठून? माझ्याकडून. माझ्याकडे आईकडून, पोळ्या लाटताना. कॅरल क्रुमहान्सल यांनी २०१३ साली विशीतल्या तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या काळातली गाणी त्यांना भावणारच होती. पण आलेखात आणखी उंचवटे निघाले. एक आईवडील तरुण होते त्या काळच्या गाण्यांचा, आणि दुसरा त्याच्याही मागचा, साठच्या दशकातला, बहुधा आजीआजोबांकडून झिरपलेला. आईवडिलांच्या तारुण्याचे सूर मुलांच्या आठवणीत आपल्या बालपणासकट चिकटतात. मोगरा आईचा, पोळ्यांचा वास माझा. लेकीच्या लावणीला कशाचा वास आहे, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

मालिकेचं मात्र वेगळंच झालं. नात दोन आठवड्यांची झाली आणि मालिका संपली. नवीन लागली, तिला वेगळंच गाणं. आई हळहळली, पण माझ्या आणि लेकीच्या डोळ्यांसमोर लगेच दोन शहरं आली. बेलफास्टमधली बाळं एकवीस दिवसांची झाल्यावर शीर्षकसंगीताला प्रतिसाद देईनाशी झाली होती. विसरली, असं वाटावं. पण हेलसिंकीमध्ये एइनो पार्तानेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली वेगळं पाहिलं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आयांनी 'ट्विंकल ट्विंकल'ची चाल आठवड्यातून पाच दिवस लावली, आणि जन्मानंतर ती बाळांच्या कानावर पडू द्यायची नव्हती. चार महिन्यांनी बाळांच्या डोक्याला विद्युत्-संवेदक लावून ती चाल ऐकवली, तेव्हाही ती चाल न ऐकलेल्या बाळांपेक्षा त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद ठळक होता. वरून काही दिसत नव्हतं, आत मात्र नोंद शाबूत होती.

आमच्याकडे संवेदक नाहीत. पण ते शीर्षकगीत लेकीनं फोनमध्ये जपून ठेवलंय आणि घरात कुणीही ते लावायचं नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही, असं ठरलंय. हा नियम आईला फार जड जातो, म्हणून पाळण्याशी बसली की ती दुसरंच काहीतरी गुणगुणते, बहुतेक वेळा बुगडीची लावणी. बाळ तिच्या ओठांकडे टक लावून पाहतं.

पुढच्या महिन्यात नातीला चार महिने पूर्ण होतील. कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात आईनं आपल्या थरथरत्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'गाणं. रात्री ८.'